लाईट आल्यानंतरची दहा मिनिटं

माझी नोकरी विजेचा अंदाज बांधण्याची होती आणि माझे बहुतेक अंदाज बरोबर आले. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. एखाद्या इमारतीचा गिलावा ओला असतानाच ती उन्हाळ्यात किती वीज ओढेल आणि दिवाळीत किती, हे मी सांगायचे आणि वर्षाने मीटर माझ्याच बाजूने साक्ष द्यायचा. निवृत्तीच्या आधी ऑफिसात नवी पोरं आली. हुशार होती, कॉम्प्युटरवर झरझर तक्ते काढायची. बदनापूरच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय उभं राहत होतं, तेव्हा त्यातल्या एकाने चौरस फुटांना कुठल्याशा आकड्याने गुणून महिन्याची सरासरी काढून माझ्यापुढे ठेवली. मी त्याला विचारलं, पंचांग बघितलंस का? तो हसला. त्याला वाटलं, बाईंचं वय झालं. मग मी त्याला समजावलं की ही इमारत चातुर्मासात कुलपात असणार आणि वैशाखात एका दिवसात दोन-दोन लग्नं लागणार, तेव्हा तुझ्या सरासरीएवढी वीज तिथे एकही दिवस लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तो गुपचूप पंचांग घेऊन आला.

हे शहाणपण मला कॉलेजात मिळालेलं नाही. जालन्यातल्या एका गल्लीने मला ते शिकवलं, आणि शिकवण्याआधी चांगलं तोंडावर पाडलं.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. मी जाफराबादकडची, शेतकऱ्याच्या घरातली. औरंगाबादला डिप्लोमा करून वीजखात्यात लागले आणि जालन्याला पोस्टिंग मिळालं. ऑफिसात मी एकटीच बाई. मला खांबावर चढवायचं तर लोक काय म्हणतील, या काळजीने साहेबांनी मला लोडचं टेबल दिलं. कोणी नवीन वीज मागितली की त्या भागातल्या डीपीवर, म्हणजे खांबांच्या मधल्या त्या ट्रान्सफॉर्मरवर, आधीच किती भार आहे ते बघायचं आणि अर्जावर हो किंवा नाही लिहायचं, एवढंच काम. माझ्या आधीच्या माणसाने ते आणखी सोपं करून ठेवलं होतं. तो सगळ्यांना 'डीपी फुल' असं लिहून टाकायचा. मला त्या दोन शब्दांचा मनस्वी राग यायचा. फुल म्हणजे किती फुल, कधी फुल, कोणी मोजलं, असं मी विचारलं की सगळे माझ्याकडे असे बघत, जणू मी चहात मीठ टाकायला सांगितलंय.

भाराचा हिशेब मुळात अवघड नाही. पन्नास घरांत मिळून चारशे बटणं असतील, पण चारशेही कोणी एकदम दाबत नाही. आमच्या घरी माणसं अकरा आणि पाणी तापवायचा बंब एक. तो कधी कमी पडला नाही, कारण अकराही जण एकदम आंघोळीला बसत नाहीत. कोणी पहाटे शेतात जातो, कोणी उन्हं वर आल्यावर उठतो. डीपीचं तसंच. सगळ्या घरांची बेरीज करायची आणि तिचा काही हिस्साच धरायचा. किती हिस्सा, हे पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक मला तोंडपाठ होतं आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

त्या हिवाळ्यात एक बाई अर्ज घेऊन आल्या. पन्नाशीच्या डॉक्टर, पांढरी ओढणी, चष्म्याला काळी दोरी. जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत त्यांचं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. गल्ली त्यांना आपा म्हणायची, हिंदू काय आणि मुसलमान काय. त्यांच्या भावाने हैदराबादहून त्यांना एक काचेची पेटी पाठवली होती. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी पेटी. जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात, पण अशा बाळाला तिथून औरंगाबादला न्यावं लागे आणि थंडीत जीपमधल्या त्या दीड तासात पुष्कळ बाळं हातची जात. पेटी आली होती, ती चालवायला लागणारी वीज मागायला त्या आल्या होत्या. अर्जावर माझ्या टेबलाकडे यायच्या आधीच कोणीतरी 'डीपी फुल' लिहून ठेवलं होतं.

"बेटी, कच्चं बाळ थंडीनं जातं," त्या मला म्हणाल्या. "दुधाचं मंग बघता येतं."

मी मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, नवा डीपी यायला वर्ष लागेल, तोवर त्यांना थांबायला सांगा. मी म्हणाले, मला आठ दिवस द्या, मी मोजून दाखवते. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त सावध होता. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघून सांगितलं की वीज देऊ, पण तुमच्या सहीवर, आणि डीपी जळाला तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी कबूल झाले. तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि त्या वयात सही करायला फार आवडतं.

मोजायला मी गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलात बसले. संध्याकाळी गल्लीतले सगळे पुरुष तिथे चहाला यायचे. मी वही उघडून एकेकाला विचारलं, घरात बल्ब किती, पंखे किती, हीटर आहे का, इस्त्री आहे का. एक बाई वही घेऊन हॉटेलात बसलीय याचीच त्यांना गंमत वाटत होती. सगळ्यांनी माहिती दिली. विजेची शेगडी मात्र एकानेही सांगितली नाही, कारण ती मीटरला वळसा घालून चालायची. मी काही दूधखुळी नव्हते. प्रत्येक तिसऱ्या घरात एक शेगडी मी आपल्या मनाने धरली. वर गिरणी धरली, बर्फाच्या कांड्यांचा कारखाना धरला, कोपऱ्यावरच्या परटाची नवी इस्त्री धरली. बेरीज केली, पुस्तकाप्रमाणे हिस्सा काढला आणि आपांची पेटी त्यात बसवली. डीपीला जागा होती, चांगली ऐसपैस. मी अर्जावरचं 'डीपी फुल' खोडून सही ठोकली.

पेटी सुरू झाली. मी सहा दिवस रोज संध्याकाळी लाईनमनला घेऊन त्या डीपीखाली जायचे. त्याच्याकडे चिमट्यासारखं एक यंत्र असायचं. केबलला नुसतं कवेत धरलं की काटा किती अँपिअर वाहतोय ते सांगतो. सहाही दिवस काटा माझ्या अंदाजाच्या अलीकडेच राहिला. मी ऑफिसात ते आकडे वाचून दाखवले, जरा मोठ्या आवाजात.

मग शुक्रवार आला. शुक्रवारी गावाची लाईट सकाळी दुरुस्तीसाठी बंद व्हायची आणि संध्याकाळी सहाला यायची. त्या दिवशीही सहाला आली. दोन मिनिटांत आपांच्या गल्लीच्या डीपीवरचा फ्यूज उडाला. लाईनमनने नवी तार घातली, लाईट आली, पुन्हा उडाला. लोकांचं चिडून ओरडणं सुरू झालं. लाईनमन मला म्हणाला, मॅडम, तार डबल टाकतो, मग नाही जायचा. हा आमच्याकडचा रामबाण उपाय होता. पण फ्यूजची तार जाड केली की तार वाचते आणि तिच्याऐवजी डीपीच जळतो. मी त्याला हात लावू दिला नाही. असं करत करत साडेआठला लाईट टिकली.

मी धावतच प्रसूतिगृहात गेले. पेटी त्या दिवशी नशिबाने रिकामी होती. आपा रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "बेटी, आज पेटीत बाळ असतं तर?"

मला भयंकर लाज वाटली. घरी जाऊन मी आधी गल्लीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यांनी माझ्यापासून काहीतरी लपवलं, याची मला खात्री होती. मग वही उघडून बसले आणि बेरीज पुन्हा पुन्हा तपासली. बेरजेत चूक नव्हती. रोजचे आकडे बरोबर होते. फक्त लाईट आल्यानंतरची ती दहा मिनिटं माझ्या हिशेबात कुठे बसत नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी त्या भागाची लाईट गेल्याचं कळलं, तशी मी एकटीच गल्लीत गेले. हॉटेलात नाही गेले. गिरणीत गेले. गिरणी एक विधवा मावशी चालवायच्या. अंगावर कायम पिठाची पांढरी कळा, आवाज जात्यासारखा. पुरुषांचं जसं हॉटेल तशी गल्लीतल्या बायकांची ती गिरणी. लाईट नव्हती म्हणून ज्वारीचे डबे रांगेत ठेवून आठ-दहा जणी बोलत बसल्या होत्या. मावशींनी मला "ये माय, बस" म्हणून पोत्यावर जागा दिली. बसता बसता माझी नजर भिंतीवर गेली. गिरणीचं बटण चालू होतं. लाईट नसताना चालू. मी विचारलं, मावशी, हे बंद करायचं राहिलं का?

"राह्यलं कशाला," मावशी म्हणाल्या. "बंद केलं तर लाईट आली हे कळावं कसं मंग?"

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. इतकी साधी गोष्ट या शिकलेल्या बाईला कळत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. मी उठले आणि त्यांच्यातल्या एकीला म्हणाले, मला तुमचं घर दाखवा. मग दुसरीचं, मग तिसरीचं. दुपारभर मी स्वयंपाकघरांतून फिरले. प्रत्येक घरात बल्ब चालू, ट्यूब चालू, ऐन थंडीत पंखा चालू, रेडिओचा आवाज पूर्ण वर. मोरीत बादली भरून तिच्यात हीटर सोडून ठेवलेला आणि त्याचंही बटण चालू. शेगड्या, ज्यांचं हॉटेलात कोणी नाव काढलं नव्हतं, त्या ओट्याखाली बसलेल्या, तवा ठेवलेल्या, बटण चालू. लाईट येताच एक क्षण वाया जाऊ नये म्हणून गल्ली दबा धरून बसलेली होती. पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून जे करून घ्यायचं ते सगळ्यांना त्याच क्षणी करायचं होतं.

म्हणजे आमच्या घरचे अकराही जण एकदम आंघोळीला बसत होते. रोज नाही, फक्त लाईट परत आली की तेवढ्यापुरते. माझ्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं, कारण ते पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथे बहुधा लाईट जात नसावी. आणि मी ज्यांना विचारलं होतं त्या पुरुषांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, कारण घरातली बटणं त्यांच्या हातात नव्हती. मला माझाच राग आला. बाई म्हणून ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही अशी माझी तक्रार, आणि मी स्वतः गल्लीतल्या एकाही बाईला विचारलं नव्हतं.

मी गिरणीत परत आले आणि पोत्यावर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. डीपी लहान नाही, तुमची गरजही जास्त नाही, फक्त सगळ्यांनी एकदम मागू नका. लाईट गेली की प्रत्येक घरात एकच बल्ब चालू ठेवायचा, बाकी सगळी बटणं बंद. तो बल्ब लागला की लाईट आली हे कळेल. मग दहा मिनिटं थांबायचं आणि एकेक वस्तू लावायची. गिरणी आणि कांड्यांचा कारखाना सगळ्यात शेवटी. पेटी कशासाठी आहे हे मला सांगावं लागलं नाही. त्या गल्लीतली अर्धी पोरं आपांच्या हातून जन्मलेली होती. एकजण म्हणाली की हात सवयीने बटणाकडे जातोच, त्याचं काय करायचं. मी म्हणाले, जरा लक्ष ठेवा.

त्या आठवड्यात मंगळवारी कोपऱ्यावरच्या परटाची बायको आपांकडे आली. सातवा संपून आठवा लागलेला. याआधी तिची दोन बाळं गेली होती, दोन्ही कच्ची, दोन्ही थंडीतली. या वेळी जुळं झालं. मुलगा आणि मुलगी, दोघं मिळून एका बाळाच्या वजनाचे. आपांनी दोघांना एकाच पेटीत ठेवलं, एकाचं डोकं इकडे, दुसरीचं तिकडे. मी बघायला गेले तेव्हा काचेतून मला आधी ती बाळं आहेत हेच ओळखू आलं नाही. बोटांएवढे पाय होते आणि पोट तेवढं हलत होतं.

मी ऑफिसात येऊन त्या शुक्रवारची बंदी रद्द करायला सांगितली. साहेबाने नकारार्थी मान हलवली. मुख्य लाईनवर काम होतं, सगळ्या गावाची वीज त्याच्यावर होती आणि ते पुढे ढकलता येत नव्हतं. माझा हट्ट बघून तो एवढंच म्हणाला की सहाची वेळ चुकणार नाही, ते मी बघतो. मी आपांना जाऊन सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. दिवसभर कापूस, गरम पाण्याच्या बाटल्या आणि आईची छाती यांच्यावर त्या बाळांना सांभाळतील, सहापर्यंत त्यांची खात्री होती. ऊन गेल्यावर साडेआठपर्यंत नव्हती.

गुरुवारी दुपारी परीट माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वीच त्याने कोळशाची इस्त्री टाकून विजेची घेतली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचा. त्या दिवशी तो इस्त्रीचं काही बोलला नाही.

"उद्या लाईट आल्यावर टिकन का, मॅडम?"

"टिकेल," मी म्हणाले.

"बराबर टिकन?"

मी त्याला वही दाखवली. पन्नास घरांचे पन्नास बल्ब, दुकानांच्या ट्यूबा, कोणीतरी विसरेल म्हणून धरलेले काही हीटर, आणि प्रसूतिगृह. सगळं डीपीच्या तीन तारांत वाटून एका तारेवर, म्हणजे एका फेजवर, सत्तर अँपिअर. फ्यूज त्याच्या दुपटीला उडतो. त्याला त्यातलं काही कळलं नसणार, पण आकडा लिहिलेला आहे हे बघून तो गेला. माझी खात्री होती. खोटं कशाला सांगू, नव्याण्णव टक्के होती. उरलेल्या एका टक्क्यात त्या गल्लीतल्या शंभर बायकांचे दोनशे हात होते.

शुक्रवारी साडेपाचलाच मी डीपीखाली उभी होते. माझ्याबरोबर लाईनमन, त्याच्या हातात चिमटा आणि खिशात फ्यूजची तार. सूर्य मावळला, गारठा वाढला. सहाला दोन मिनिटं कमी असताना डीपी गुणगुणला. लाईट आली. मी चिमटा केबलला लावला आणि काट्याकडे बघितलं.

काटा हलला, सहावर गेला आणि तिथेच थांबला. साठ नव्हे, सहा.

मला वाटलं, फेज गेला. दुसऱ्या केबलला लावला, तिथेही तसंच. तिसऱ्यालाही. लाईनमनने तिन्ही फ्यूज तपासले, तिन्ही शाबूत. डीपी व्यवस्थित चालू होता, त्याच्यातून वीज जात होती, फक्त ती घ्यायला कोणी नव्हतं.

"लोडच न्हाई मॅडम," लाईनमन म्हणाला. "पुढं तार तुटली का काय?"

आम्ही दोघं गल्लीत पळालो. गल्ली पूर्ण अंधारात. एकाही घरात बल्ब नाही, मी सांगितलेला तो एकसुद्धा नाही. फक्त मधोमध प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यातली ट्यूब लागलेली, आणि तिच्या उजेडात मला दिसलं की लोक आपापल्या ओट्यांवर उभे आहेत. बाया, म्हातारे, टोप्या घातलेली पोरं, सगळे. सगळे त्या व्हरांड्याकडे बघत होते.

गिरणीच्या दारात मावशी कंदील घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात पीठ चाळायची मोठी परात, आणि परातीत फ्यूज. घरात वीज शिरते तिथे, मीटरच्याही आधी बसवलेला असतो तो चिनी मातीचा पांढरा फ्यूज, तसे पन्नासएक. लग्नाला भांडी उसनी देताना बायका ओळखीची खूण करून देतात, तशी प्रत्येकावर खूण होती. कोणाच्या कुंकवाचं बोट, कोणाची कोळशाची फुली, कोणाचा हिरव्या दोऱ्याचा वेढा. लाईट बंद असताना, दुपारीच, गल्लीने घरोघरचे फ्यूज उपसून मावशींच्या परातीत आणून टाकले होते.

मी विचारलं, हे काय केलंत?

"बटनाचा काय भरोसा माय," मावशी म्हणाल्या. "हात हाय, सवयीनं जातोच. माझाच दोनदा गेल्ता. म्हन्लं, मुळावरच हात ठेवावा."

"पण एक बल्ब ठेवा म्हणाले होते ना मी? लाईट आलेली कळणार कशी?"

मावशींनी व्हरांड्याकडे बोट केलं. "ती दिसती की इतून. आमाला येगळी कशाला?"

माझा अंदाज सत्तरचा होता आणि आला सहा. इतका चुकलेला अंदाज मी आयुष्यात पुन्हा केला नाही. मला तिथे रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी बल्ब मोजले होते, हीटर मोजले होते, विसरणारी माणसं मोजली होती. जी माणसं अंधारात उभी राहायला तयार होती त्यांना कुठल्या रकान्यात लिहायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

वीसेक मिनिटांनी आपांची दाई व्हरांड्यात आली आणि तिने तिथूनच सांगितलं की पेटी तापली, दोन्ही बाळं आत ठेवली, दोघंही रडली. गल्लीत एकदम बोलणं सुरू झालं. मग मी माझ्या कामाला लागले. लाईनमनला डीपीखाली चिमटा घेऊन उभं केलं आणि परातीतला एकेक फ्यूज उचलून हाक मारली. कुंकवाचं बोट कोणाचं, हिरवा दोरा कोणाचा. ते आले की फ्यूज हातात द्यायचा, घरी जाऊन लावायला सांगायचा, त्या घरात उजेड पडला की पुढचा. लाईनमन तिकडून काटा सांगत होता. वीस, पंचवीस, तीस. मोठी केंद्रं गावांना अशीच एकेक टप्प्याने वीज देतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. एका परातीतून देता येते, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी परातीत एकच फ्यूज उरला, त्याच्यावर कोळशाने काढलेली इस्त्री. मी परटाला हाक मारली. तो प्रसूतिगृहाच्या पायरीवर बसलेला होता, तिथून उठून आला. मी फ्यूज पुढे केला तर त्याने हात मागे घेतला.

"माझा राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "पेटीला लागली तर असू द्या जास्तीची."

त्याच्या एका इस्त्रीने डीपीला काही फरक पडत नव्हता. मुळात त्याच्या दुकानाची वीज त्या पेटीकडे जातच नव्हती. हे मी त्याला आकड्यांनिशी सांगू शकले असते. त्याऐवजी मी फ्यूज परत परातीत ठेवला आणि मावशींनी परात उचलून आत फळीवर ठेवली.

त्यानंतर तो पुन्हा कोळशाची इस्त्री फिरवू लागला. त्याच्या दुकानात संध्याकाळी कंदील असायचा. मी डीपीचा काटा बघायला गेले की त्याला न चुकता सांगायचे, जागा भरपूर आहे, लाव आता. तो हो हो म्हणायचा. एकोणीस दिवसांनी सकाळी मी गिरणीत उभी असताना तो आला. एक बाळ त्याच्याकडे, एक बायकोकडे, दोन्ही लोकरीत गुंडाळलेली. बायको उन्हात ओट्यावर बसली. त्याने आपल्याजवळचं बाळ माझ्या हातात दिलं, दोन्ही हात धोतराला पुसले आणि मावशींना म्हणाला, "माझा द्या आता."